सूर आधी कानात, मग जिभेवर
(मँडरिन बोलायला शिकताना : भाग ३)

मागच्या भागात आपण पिनयिनची ओळख करून घेतली. चीनने १९५८ साली स्वीकारलेली ही रोमन लेखनपद्धती इंग्रजी भाषकाला ओळखीची वाटते आणि म्हणूनच त्याला चकवते. पिनयिनमधल्या ‘बी’ या अक्षराचा उच्चार आपल्या ‘ब’पेक्षा ‘प’ला जवळचा आहे. त्यामुळे आवाज आधी आणि अक्षर नंतर, असं आपण ठरवलं. आज त्या आवाजाचा गाभा पाहू : सूर, म्हणजेच टोन.

सुरांचे चढउतार इंग्रजीतही आहेत. ‘व्हॉट?’ विचारताना आवाज चढतो, ‘नो!’ म्हणून दटावताना खाली येतो. मँडरिनचा दुसरा सूर असाच चढतो आणि चौथा असाच उतरतो. पण इंग्रजीत हा चढउतार बोलणाऱ्याच्या भावनेचा असतो, तर मँडरिनमध्ये तो शब्दाचाच भाग असतो. ‘माइ’ तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं. ‘विकता का?’ असं विचारताना इंग्रजी भाषक सवयीने शेवटी आवाज चढवतो आणि उतरता सूर हरवून बसतो. मँडरिनमध्ये प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी ‘मा’ जोडता येतो. शब्दाचा सूर तसाच राहतो.

युएन रेन चाओ (१८९२–१९८२) हे भाषाशास्त्रज्ञ संगीतकारही होते. सुरांची नोंद करण्यासाठी त्यांनी १९३० साली पाच पायऱ्यांची पट्टी मांडली. पहिला सूर पाचव्या पायरीवर स्थिर राहतो. दुसरा तिसऱ्या पायरीवरून पाचवीवर चढतो. तिसरा दुसरीवरून पहिलीवर उतरून चौथीपर्यंत वर येतो. चौथा पाचवीवरून थेट पहिलीवर येतो. या पायऱ्या ज्याच्या त्याच्या आवाजातल्या असल्यामुळे गाता गळा नसला तरी काही अडत नाही. चाओ यांच्या १९४८ च्या ‘मँडरिन प्रायमर’मध्ये संवादांचे धडे सुरू होण्याआधी सूर आणि उच्चार यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरणं आहेत.

मात्र सुटे सूर घोटून बोलणं येत नाही. ओघात बोलताना तिसऱ्या सुराचं शेवटचं वर येणं बहुधा गळून पडतं. ‘लाओशी’ म्हणजे शिक्षक. यातला ‘लाओ’ नुसता खाली राहतो आणि लगेच उंच, सपाट ‘शी’ येतो. दोन तिसरे सूर शेजारी आले की पहिला दुसऱ्यासारखा चढतो. ‘नी हाओ’ हा नमस्कार तसाच म्हटला जातो.

म्हणून सराव जोड्यांचा करावा. चार सुरांच्या सोळा जोड्या होतात; वरच्या नियमामुळे त्यातल्या दोन सारख्याच ऐकू येतात, म्हणजे कानाला पंधरा. प्रत्येक जोडीसाठी रोजच्या वापरातला एक शब्द पक्का करावा. दुसरा-पहिला यासाठी ‘मिंगथ्येन’ (उद्या), चौथा-चौथा यासाठी ‘त्साइच्येन’ (निरोप घेताना म्हणतात तो). नवा शब्द भेटला की तो यांपैकी कुठल्या शब्दाच्या चालीचा आहे, एवढंच पाहायचं.

पण आधी ऐकायचं, आणि अनेकांच्या तोंडून ऐकायचं. मँडरिन शिकणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना दोन आठवडे वेगवेगळ्या चिनी भाषकांच्या आवाजातले सूर ओळखायला दिल्याचा एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. सूर ओळखण्यात त्यांची २१ टक्क्यांनी सुधारणा झाली आणि सहा महिन्यांनंतरही ती टिकून होती. त्याच संशोधकांनी २००३ साली पुढचा निष्कर्ष मांडला : अशा सरावात बोलणं शिकवलेलं नसतानाही विद्यार्थ्यांचे उच्चार सुधारले होते. कान तयार झाला की जीभ त्याच्यामागून येते, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेने इंग्रजी भाषकांसाठी मँडरिन सर्वांत अवघड गटात ठेवली आहे. त्यासाठी सुमारे २,२०० तासांचं वर्गशिक्षण धरलं आहे. हा आकडा पाहून खचून जाऊ नये. या भाषेत क्रियापदांची रूपं काळानुसार बदलत नाहीत, नामांना लिंग नाही. व्याकरणात वाचलेले कष्ट सुरुवातीलाच सुरांवर खर्च करावेत, कारण चुकीचा सूर एकदा अंगवळणी पडला की तो मोडायला फार वेळ लागतो.

या आठवड्याचा सराव : रोज पंधरा मिनिटं, एकच जोडी, निदान तीन वेगळे आवाज. ऐकलेले सूर आकड्यांत लिहा आणि पडताळून पाहा. त्यानंतर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐका. पुढच्या भागात या जोड्या गुंफून अख्खी वाक्यं कशी बोलायची ते पाहू.