वेबसाइट तीच ठेवा, फक्त सीएसएस बदला!



गावचं वाचनालय, गणेश मंडळ, हौसिंग सोसायटी यांची एखादी साधी वेबसाइट असते. विकायचं काही नसतं, म्हणून तिच्या दिसण्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण वाचनालयाची वेळच मोबाइलवर धड वाचता आली नाही, तर माणूस तिथवर जाणार कसा? अशी साइट सुधारून दिलीत तर गावाचं काम होतं आणि पुढे स्वतःच्या दुकानाच्या साइटसाठी तुमचा हातही बसतो.

एचटीएमएल म्हणजे दुकानातला माल आणि सीएसएस म्हणजे त्याची मांडणी. माल तोच ठेवून मांडणी बदलायची, एवढंच.

सराव कसा करायचा? कॉम्प्युटरवर क्रोममध्ये साइट उघडा, राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडा. तिथे केलेले बदल फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसतात, रिफ्रेश केलं की गायब! म्हणजे बिनधास्त करून बघा. पसंत पडलं की मूळ सीएसएस फाइलची कॉपी काढून ठेवा आणि मगच तिच्यात बदल करा.

१. फॉन्ट-साइज : मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नको. मराठीला १८ छान दिसतो. ‘मुक्त’ हा देवनागरी फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो.

२. लाइन-हाइट : १.६ ते १.७ ठेवा. आपल्या लिपीत वर मात्रा, खाली उकार. ओळी दाटल्या की ते एकमेकांना भिडतात.

३. लेटर-स्पेसिंग : शून्यच ठेवा. इंग्रजी मथळ्याला ते शोभतं, पण मराठीत शिरोरेषा तुटते.

४. मॅक्स-विड्थ : साधारण ७०० पिक्सेल. मोठ्या स्क्रीनवर ओळ लांबच लांब गेली की पुढची ओळ सापडत नाही.

५. रंग : पिवळ्यावर पांढरी अक्षरं नकोत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा. इन्स्पेक्टमध्ये अक्षराच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक केलं की हा आकडा दिसतो.

एवढं करूनही मोबाइलवर सगळं बारीकच दिसतंय? मग एचटीएमएलमध्ये व्ह्यूपोर्टची ओळ आहे का बघा. नसेल तर नुसत्या सीएसएसने भागणार नाही.

शेवटी मोबाइल घरातल्या आजोबांच्या हातात द्या आणि विचारा, “वाचनालय किती वाजता उघडतं?” चष्मा पुढे-मागे न करता उत्तर आलं, की समजा काम झालं!