परसातला आडोसा : बांबू लावावा, पण आवरावा

पोटाला चिमटा काढून दोन गुंठ्यांवर घर उभे करताना भिंती आणि छपरातच सारा पैसा संपतो. न्हाणी राहते परसात, चार पोत्यांच्या नाहीतर जुन्या लुगड्याच्या आडोशाला. पुढे शेजारच्या प्लॉटवर दोन मजले चढतात आणि वरच्या खिडकीतून आपले अंगण, न्हाणी, वाळत घातलेले कपडे सारेच दिसू लागते. मग घरातल्या लेकी-सुना पहाटे अंधारातच अंघोळ उरकून घेतात. भिंत बांधावी म्हटले तर ती किती उंच बांधणार, आणि विटा-सिमेंटला पैसा कुठून आणणार? अशा जागी बांबूची रांग हा स्वस्त आणि गार उपाय आहे. मात्र अर्धवट माहितीवर लावला तर चार-पाच वर्षांत शेजाऱ्याशी भांडण ठरलेलेच.

बांबू हे झाड नव्हे, गवत आहे. रोप घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की हा बेटाने वाढणारा आहे की पळणारा? बेटाचा बांबू बुंध्याजवळच नवे कोंब काढतो आणि दर साली थोडा थोडा रुंदावतो. पळणाऱ्याचे कंद जमिनीखालून आडवे धावतात आणि भलतीकडेच, अगदी शेजाऱ्याच्या अंगणातही, डोके वर काढतात. चीन-जपानकडचे कित्येक शोभेचे बांबू या दुसऱ्या प्रकारातले. आपल्याकडचा माणवेल आणि कोकणातला माणगा हे बेटाचे. सोनेरी रंगावर भुलू नये. हिरव्या रेघांचा जाड पिवळा बांबू बेटाचाच असतो, पण तो इतका उंच आणि रुंद होतो की लहान परसाला झेपत नाही. काटस तर काटेरी. लेकरे खेळतात तिथे तो नकोच. आडोशासाठी सर्वांत बरा तो बारीक काठ्यांचा, बुडापासून दाट पानांचा कुंपणाचा बांबू.

राजगृहाचे वेळुवन आपणां सर्वांना ठाऊक आहे. बिंबिसाराने दान दिलेले ते वन होते; आपले परस वीस फुटांचे आहे, हे लावताना विसरू नये.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की दीड फुटाचे खड्डे घेऊन, शेणखत घालून, तीन-तीन फुटांवर रोपे लावावीत. घराच्या पायापासून आणि शेजाऱ्याच्या हद्दीपासून तीन-चार फूट जागा सोडावी. पहिली दोन वर्षे नुसत्या काड्या दिसतील, धीर सोडू नये. तोवर बुरुडाकडून तट्टे आणून आडोसा करावा. न्हाणीचे पाणी चर काढून रांगेकडे वळवता येते, पण ते बुडाशी साचून राहता कामा नये. साबणाचा फेस फार असेल तर ते पाणी दुसरीकडे सोडावे.

आता आवरण्याचे. बेटाच्या बांबूला फार सोपी युक्ती आहे. पावसाळ्यात कोंब वर येतात तेव्हा ते मऊ असतात. जे रांगेबाहेर दिसतील ते तेव्हाच पायाने मोडावेत किंवा कोयत्याने छाटावेत. हे काम राहून गेले की दोन-तीन महिन्यांत कोंबाची पुरी उंचीची काठी होते, मग कुऱ्हाड आणि घाम दोन्ही लागतात. पळणारा बांबू आधीच लावला गेला असेल तर रांगेभोवती दोन-अडीच फूट खोल चर खणून त्यात जाड प्लॅस्टिकचा पत्रा उभा गाडावा आणि त्याची कड जमिनीवर दोन इंच ठेवावी, म्हणजे वरून उडी मारणारा कंद दिसतो आणि कापता येतो. लोखंडी पत्रा गंजतो, तो पैसा वाया. जागाच नसेल तर अर्धा कापलेला ड्रम, तळाला भोके पाडून. मात्र उन्हाळ्यात त्याला रोज पाणी हवे.

वाळलेला पाला दर आठवड्याला झाडून काढावा. पाल्यात उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. बांबूला उगीच बदनाम करतात. तीन वर्षांच्या जून काठ्या हिवाळ्यात कापाव्यात. त्या मांडवाला, वेलाला, शिडीला उपयोगी पडतात, आणि मधून काठ्या निघाल्याने बेटात हवा खेळते. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबू हा झाडातच मोजला होता. २०१७ साली दुरुस्ती होऊन वनाबाहेरचा बांबू त्यातून वगळला गेला. त्यामुळे स्वतःच्या परसातली काठी तोडायला त्या कायद्याचा परवाना लागत नाही.

आणि मोडलेले कोंब? माणवेलाचे असतील तर फेकू नका. विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात. वरची साल काढताना तिची कूस हाताला टोचते, म्हणून फडके गुंडाळावे. आतला गर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळावा, ते पाणी ओतून द्यावे आणि पुन्हा एकदा उकळावा. कच्च्या कोंबात विषारी अंश असतो, तो उकळल्याने जातो. मग चण्याची डाळ, लसूण आणि तिखट घालून भाजी करावी.