ठेवणीतले

दिवाळी आठ दिवसांवर आली, की आमच्या घरात दोन वास एकमेकांशी भांडू लागतात. स्वयंपाकघरातून भाजणीचा खमंग वास येतो आणि आतल्या खोलीतील लोखंडी ट्रंकेतून डांबरगोळ्यांचा. पहिला वास म्हणतो, "या, खा!" दुसरा म्हणतो, "हात लावू नका!" लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून कित्येक वर्षे दुसऱ्याचीच सरशी होत आली. कारण त्या ट्रंकेची किल्ली सासूबाईंच्या कमरेला होती.

सासूबाई कंजूष नव्हेत, हे आधीच सांगून टाकते. दारी आलेला माणूस त्यांच्या हातून कधी विन्मुख गेला नाही. परंतु त्यांच्या संसाराचे तीन नियम होते आणि त्यांत काना-मात्रेचाही बदल होत नसे. पैठणी लग्नामुंजीला. चांगली चप्पल परगावी जाताना. आणि अखंड चकली पाहुण्यांना, मोडकी घरच्यांना! या नियमांमुळे घरात चांगल्या वस्तू पुष्कळ होत्या. फक्त त्या आमच्या वाट्याला येत नसत. त्या 'ठेवणीतल्या' होत्या.

तीन वर्षांपूर्वी भाचीचे लग्न ठरले. सासूबाईंनी त्यांच्या माहेरची कुसुंबी पैठणी काढली. पदरावर मोर, काठ नारळी. उभ्या आयुष्यात ती त्यांनी पाच वेळा नेसली होती आणि पाचही प्रसंग त्यांना तारीखवार पाठ होते. मी घडी उलगडली आणि बारीकसा 'टर्र' असा आवाज झाला. घडीच्या रेषेवर रेशीम उभे चिरले होते. दुसरी घडी उलगडली, तिथेही तेच. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पलंगाच्या कडेवर बसून त्या चिरलेल्या रेषेवरून नुसते बोट फिरवीत राहिल्या. मला वाटले, त्या रडल्या असत्या तर बरे झाले असते.

येवल्याची वाट

"येवल्याला नेऊन दाखवू," असे ह्यांनी सुचविले आणि एका रविवारी आम्ही तिघे निघालो. नाशिकहून येवले सुमारे 80 किलोमीटर. निफाड, विंचूर असे करीत रस्ता जातो. दुतर्फा द्राक्षांचे मांडव आणि मोकळ्या रानात कांदा.

पैठणी हे नाव गोदाकाठच्या पैठणचे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. पण आज पैठणी म्हटली की माणसे आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या येवल्याकडे पाहतात. रघोजी नाईकांनी हे गाव वसविले आणि पैठणचे विणकर आणून त्यांना येथे आसरा दिला, असे येवलेकर अभिमानाने सांगतात. पेशवाईत या महावस्त्राला मोठे दिवस आले. 2010 मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

आम्ही गेलो त्या घरात ओसरीवरच माग होता. एक वयस्क विणकर पदर विणीत होते. मी एवढी वर्षे पैठणी पाहत आले, पण ती होताना प्रथमच पाहिली. पदरावरचा मोर छापलेला नसतो, वरून भरलेलाही नसतो. तो कापडाबरोबरच जन्माला येतो. प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी तिल्ली. मोराचा गळा आला की निळी उचलायची, चोच आली की दुसरी. आणि एका रंगाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथे दोन धागे एकमेकांत अडकवायचे. त्यामुळे खऱ्या हातमागाच्या पदराची मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे सुट्या धाग्यांचे जंजाळ लोंबत असेल, तर ती यंत्राची करामत समजावी. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा घेतला, की हलताना रंग पालटतो. त्याला धूपछाव म्हणतात. साध्या पदराच्या साडीला काही आठवडे लागतात. भरगच्च पदराला कित्येक महिने. माझ्यासमोर अर्धा तास गेला आणि पदर जेमतेम बोटभर सरकला होता.

त्या गृहस्थांनी हात पुसून सासूबाईंची पैठणी मांडीवर घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हणाले,

"आजी, ही नेसून नाही फाटली. ठेवून फाटली."

मग त्यांनी समजावून सांगितले ते प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखे आहे. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीत राहिले, की त्या रेषेवर धागा मोडतो. त्यात जरीची भर पडली की लवकर. पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नये. जुन्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळावी. दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून सावलीत वारा द्यावा आणि घडी बदलावी. डांबरगोळी जरीला लागू देऊ नये, अत्तर अंगावर शिंपडायचे ते साडी नेसण्यापूर्वी. "आणि मुख्य म्हणजे," ते हसून म्हणाले, "नेसावी. आम्ही विणतो ती नेसायलाच."

परतीच्या वाटेवर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. निफाड मागे पडल्यावर एकदम म्हणाल्या, "तुम्हांला वाटत असेल, म्हातारीला हौस नव्हती. माझ्या आईनं सांगितलं होतं, ही साडी नाही, ही अडीनडीची ठेव आहे."

आणि ते खोटे नव्हते. जुन्या पैठण्यांची जर खरी असे. दारावर जुनी जर विकत घेणारे फिरत. साडी जाळून त्यातले सोने-चांदी काढीत आणि वजनावर पैसे मोजीत. बँकेचे तोंड न पाहिलेल्या बायकांची ही एकुलती शिल्लक होती. सासूबाईंनी पाच वेळाच पैठणी नेसली ती हौस नव्हती म्हणून नव्हे; संसारावर कधी काय वेळ येईल याची धास्ती होती म्हणून. आजच्या बहुतेक पैठण्यांतली जर तशी खऱ्या सोन्याची नसते. ती मोडून संकट टळणार नाही. म्हणजे ठेव म्हणून जपण्याचे कारण गेले, पण जपण्याची सवय मात्र उरली!

आमच्या नाशिकला तर वस्त्र आणि व्याज यांचे नाते फार जुने. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा. त्याने 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले, आणि दिले कोणाकडे? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे! त्यांतील 2000 वर दरमहा शेकडा एक व्याज. म्हणजे वर्षाला 240. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण, चीवरासाठी. ज्यांनी सर्व सोडले त्यांनाही वस्त्र लागतेच, आणि ते दरवर्षी नवे लागते, हे त्या राजजामाताने ओळखले होते. ठेव जशीच्या तशी राहिली; पण तिच्यावर माणसांच्या अंगावर कपडा चढला. ठेव असावी तर अशी!

पायांतले वैभव

साडीचे हे रामायण झाल्यावर मी धीर करून चपलांच्या खोक्याला हात घातला. सासऱ्यांनी कोल्हापूरहून माझ्यासाठी आणलेला जोड त्यात वर्षानुवर्षे पडून होता. कातडे लाकडासारखे ताठ झालेले!

कोल्हापुरी चप्पल ही मोठी मानी वस्तू. कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले. तळ, टाच, कान, पट्टा, वेणी सारे हाताने; खिळा न मारता चामड्याच्याच वादीने शिवलेले. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला उत्तेजन दिले. पण खरी गंमत पुढेच आहे. ही चप्पल दुकानात पुरी होत नाही. पायात पुरी होते. पहिले काही दिवस ती चावते, मग रोजच्या चालण्याने मऊ पडत जाते आणि अखेरीस तुमच्या पावलाचा ठसा तिच्यावर असा उमटतो, की दुसऱ्याच्या पायाला ती परकी वाटते. वापरली नाही, तर ती वाळते. मी त्या जोडाला रात्रभर तेल पाजले, पावसाळा टाळून रोज घातला. आज तो माझा आहे. इतकी वर्षे तो केवळ माझ्या मालकीचा होता.

जून 2025 मध्ये मिलान शहरातील एका फॅशन प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला मांडल्या आणि आधी कोल्हापूरचे नावही घेतले नाही. महाराष्ट्रात गलका उडाला, तेव्हा कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली. 2019 मध्येच महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या मिळून आठ जिल्ह्यांतील कारागिरांच्या या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले होते. पुढे डिसेंबर 2025 मध्ये दोन्ही राज्यांतील चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन, येथल्या कारागिरांकडून 2000 जोड करून घेण्याचे ठरले. किंमत सुमारे 800 युरो! बातमी वाचून मी पायांतल्या जोडाकडे जरा आदराने पाहिले, हे कबूल करते.

पण आदर युरोमुळे वाटावा, ही लाजेचीच गोष्ट. ज्या हातांनी हे कातडे कमावले, त्या हातांना आपण किती काळ उंबऱ्याबाहेर ठेवले! आमच्याच नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी भाविक चपला काढून आत जात. त्या चपला करणाऱ्याला मात्र आत जाण्याची मुभा नव्हती. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तेथे सत्याग्रह सुरू झाला आणि दारे उघडत नाहीत असे पाहून 13 ऑक्टोबर 1935 रोजी त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही येवल्यात! सुंदर वस्तू अंगावर मिरवायची, तर ती करणाऱ्या माणसाचे ऋणही मनात वागवावे. घासाघीस करताना तरी ते आठवावे.

अखंड चकली

राहिला तिसरा नियम. फराळाचे डबे आमच्याकडे वरच्या फळीवर चढत. पाहुणे येतील म्हणून अखंड चकल्या, पांढऱ्याशुभ्र साटोऱ्या-करंज्या राखून ठेवायच्या. कोणी येत, कोणी न येत. आणि तुळशीच्या लग्नानंतर डबा उघडला, की खवट वास! तेल-तूप हवेने खवटते. पाहुण्यांची वाट पाहत ते थांबत नाही.

थांबायचे कधी आणि थांबायचे नाही कधी, हे अनारशासारखे कोणी शिकवीत नाही. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत फडक्यावर निथळायचे, ओलसर असतानाच कुटून चाळायचे, गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळा मुरायला ठेवायचा. घाई केली तर अनारसा तुपात हसतो; म्हणजे विरघळून पसरतो आणि बाई रडते. खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून, मंद आचेवर, न उलटता तळला की जाळी पडते. इतका धीर धरल्यावर मात्र तो पहिल्या दिवशी खावा, तिसऱ्या दिवशी खावा. तेराव्या दिवसासाठी ठेवू नये. धीर करण्यात असावा, उपभोगात नव्हे.

गेल्या दिवाळीत नियम मोडला. पैठणीचा मधला भाग गेला होता, पण पदर आणि काठ शाबूत होते. त्यांचे मी नातीसाठी परकर-पोलके शिवून घेतले. पाडव्याला ते घालून ती घरभर बागडली आणि अनारशाचा तुपकट हात तिने खुशाल मोरावर पुसला! माझ्या छातीत धस्स झाले. मी धावले, तोच सासूबाई म्हणाल्या,

"राहू दे गं. मोराला कधी नव्हे तो फराळ मिळाला."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. ट्रंकेत त्यांची दुसरी, साध्या पदराची हिरवी पैठणी होती.

"नेस," त्या म्हणाल्या. "फक्त ती नेसून भाजी आणायला तेवढी जाऊ नकोस."

"बरं, आई," मी म्हटले.

पुढच्या बुधवारी गोदाकाठचा आठवड्याचा बाजार होता. मी हिरवी पैठणी नेसले, कोल्हापुरी पायांत घातली आणि मेथीच्या दोन जुड्या घेऊन आले. भाजीवाल्या मावशींनी विचारले, "काय ताई, कुणाचं लग्न?"

"कुणाचं नाही," मी म्हटले. "बुधवार आहे!"

घरी आले तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले, पिशवीत डोकावून पाहिले आणि गंभीरपणे म्हणाल्या, "मेथी निबर आणलीस."

आणि वरच्या फळीवरचा डबा काढून त्यांनी माझ्यापुढे एक चकली ठेवली. अखंड!