संकेतस्थळाची रचना व मालाची जाहिरात : खर्चाचें प्रमाण कसें ठेवावें ?

शेतकऱ्याचा माल मध्यस्थांच्या हातीं न जातां थेट गिऱ्हाइकाच्या घरीं जावा, ही इच्छा जुनी आहे. बाजार समितीच्या आवाराबाहेरील फळें व भाजीपाला यांच्या विक्रीवरील नियमन महाराष्ट्रांत २०१६ सालीं उठलें, तेव्हां हा मार्ग कायद्यानें मोकळा झाला; आणि २०२० सालच्या टाळेबंदींत मुंबईच्या गृहसंकुलांच्या दारांत शेतकरी गटांचे टेम्पो उभे राहिले, तेव्हां तो व्यवहारांतहि शक्य असल्याचें दिसून आलें. आपल्या मंडळाचें संकेतस्थळ असावें असें अनेकांस वाटूं लागलें, तें रास्तच आहे. परंतु सभासदांनीं पोटास चिमटा घेऊन दिलेल्या भागभांडवलापैकीं किती रक्कम संकेतस्थळाच्या रचनेवर व किती जाहिरातीवर घालावी, याचा हिशेब क्वचितच केला जातो. तो येथें मांडण्याचें योजिलें आहे.

या बाबतींत पवईचें एक उदाहरण बोधप्रद आहे. तेथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत प्राध्यापक कृति रामामृतम् यांच्या मार्गदर्शनाखालीं २००३ सालीं ‘अ‍ॅक्वा’ नांवाचें संकेतस्थळ शेतकऱ्यांसाठीं सुरू झालें. शेतकऱ्यानें मराठींत प्रश्न विचारावा व बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांनीं उत्तर द्यावें, अशी ती योजना होती. पवईंत कितीहि कुशल रचना झाली, तरी बारामतीस उत्तर देणारा माणूस नसता किंवा असें साधन असल्याचें शेतकऱ्याच्या कानीं गेलें नसतें, तर सर्व श्रम वायां जाते. उलट, त्याची वार्ता गांवोगांव पसरली असती, पण पडद्यावर मराठी अक्षर नीट उमटलें नसतें, तरीहि परिणाम तोच झाला असता.

शेतकऱ्यास हें तत्त्व नवें नाहीं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रसृत केलेला नियम असा कीं, पिकाची वाढ ज्या अन्नद्रव्याची सर्वांत अधिक उणीव असेल त्यानेंच अडते. स्फुरद कमी असतां नत्र ओतून पीक वाढत नाहीं. रचना व जाहिरात यांचेंहि तसेंच आहे.

आतां हिशेब पाहूं. पुढील आंकडे केवळ पद्धति दाखविण्यासाठीं घेतले आहेत. कोंकणांतील एक मंडळ पवईच्या गृहसंकुलांत हापूस विकतें असें धरूं. हंगामांत १,००० लोक त्याचें पान उघडतात, पैकीं १० जण एकेक पेटी घेतात, व पेटीमागें निव्वळ ३०० रुपये सुटतात. मंडळापाशीं १०,००० रुपये आहेत. ते जाहिरातीस लावून आणखी १,००० लोक आणले, तर १० च पेट्या वाढतील. म्हणजे एक गिऱ्हाईक १,००० रुपयांस पडलें व त्यापासून मिळाले ३००! तेच रुपये पानावरील उणिवा काढण्यास लावले आणि शंभरांत एकाऐवजीं तीन जण माल घेऊं लागले, तर २० पेट्या वाढून ६,००० रुपये येतील, व सुधारलेलें पान पुढील हंगामासहि उपयोगीं पडेल. परंतु त्यानंतर रंगरंगोटीवर आणखी १०,००० घातले, तर तीनांचे चार होण्याचीहि शाश्वती नाहीं. या टप्प्यावर ती रक्कम जाहिरातीस दिल्यास नव्या १,००० लोकांतून ३० पेट्या जातील; गिऱ्हाईक सुमारें ३३३ रुपयांस पडेल. पेटीस ३०० सुटत असतां यांतहि प्रथम तोटाच आहे; तो भरून निघतो गिऱ्हाईक पुन्हां आल्यानें. यावरून क्रम ठरतो : आधीं पान निर्दोष करावें, मग लोकांस बोलवावें, आणि आलेलें गिऱ्हाईक राखावें.

निर्दोष पान म्हणजे भपकेबाज पान नव्हे. तें मोबाइलवर त्वरित उघडावें. भाव, वजन, जात, तोडणीची तारीख व माल पोंचण्याचा दिवस स्पष्ट असावा. छायाचित्रें आपल्याच बागेचीं असावींत. पैसे भरणें सोपें असावें. कोंकणच्या हापुसास २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे. ज्या बागाइतदारांनीं त्याची रीतसर नोंदणी केली असेल त्यांनीं तें ठळकपणें दाखवावें. संकेतस्थळाच्या नांवाची नोंद मात्र मंडळाच्याच नांवें असावी, ठेकेदाराच्या नव्हे. नाहींतर भांडण झाल्या दिवशीं दुकान त्याच्या मुठींत राहतें. जाहिरात म्हणजेहि केवळ विकत घेतलेली जागा नव्हे. गृहसंकुलाच्या चिटणीसांची अनुमति घेऊन रविवारीं मांडलेला गाळा, कापून चाखविलेलें फळ, व जुन्या गिऱ्हाइकांस हंगामारंभीं धाडलेला व्हॉट्सअ‍ॅप निरोप, हीं साधनें स्वस्त व परिणामकारक आहेत.

सामान्यतः नव्या मंडळानें पहिल्या वर्षीं दहा भागांपैकीं तीन रचनेस, पांच प्रसारास द्यावे व दोन नासाडी आणि तक्रारी यांसाठीं हातीं राखावे. दुसऱ्या वर्षीं रचनेस एक भाग पुरावा. प्रत्येक गिऱ्हाइकास ‘आमचें नांव कोठें कळलें ?’ असें विचारून उत्तर वहींत टिपावें. त्या वहीच्या आधारें पुढील वर्षाचें प्रमाण बदलावें व तो हिशेब सर्वसाधारण सभेपुढें ठेवावा. एकदां भांडवल बुडालें कीं सभासद पुन्हां दलालाच्या दारीं जातो, आणि दुसऱ्या खेपेस त्यास परत आणणें फार अवघड असतें.