विश्लेषण : 'मे आय कम इन' बिनचूक, मग पुढची वाक्यं का अडतात? कॅन, मस्ट, शुडनंतरची 'ये-जा' समजून घ्या

'मे आय कम इन, सर?' वर्गाच्या दारात उभं राहून हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी शेकडो वेळा म्हटलेलं असतं. त्यात सहसा कुणी चुकत नाही. पण नोकरीच्या मुलाखतीत किंवा ऑफिसच्या व्हिडीओ कॉलवर 'मला गावी परत जावं लागेल' किंवा 'तो इकडे येऊ शकतो' असं इंग्रजीत सांगायची वेळ आली, की 'आय मस्ट टु गो बॅक', 'ही कॅन कम्स ओव्हर' अशी वाक्यं तोंडातून निघतात. चूक लक्षात आली की पुढचं बोलणंच थांबतं, आणि काम येत असूनही समोरच्यावर छाप पडत नाही.

राज्यात २०००-०१ पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. त्याआधी ते पाचवीपासून असायचं. त्यामुळे कम, गो, इन, आऊट हे शब्द सगळ्यांना येतात. अडचण शब्दांची नाही, जोडणीची आहे. आणि ती जोडणी त्या शाळेतल्या वाक्यातच आहे.

जोडणी नेमकी कशी असते?

'मे आय कम इन' मधला 'आय' बाजूला ठेवा. उरतात तीन कप्पे. 'मे' परवानगी दाखवतो. हा मोडल, म्हणजे साहाय्यकारी क्रियापद. 'कम' हे मूळ क्रियापद. 'इन' दिशा सांगतो. कम इन, गो आऊट, गेट ऑफ अशा जोड्यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात.

आता एकेक कप्पा बदलून बघा. पहिल्यात कॅन, कुड, शुड, मस्ट, माइट, विल. दुसऱ्यात गो, गेट, मूव्ह, रन, वॉक. तिसऱ्यात आऊट, अप, डाऊन, बॅक, अवे, ओव्हर.

• शी मस्ट गो बॅक : तिला परत जायलाच हवं.
• दे माइट कम ओव्हर : ते कदाचित आपल्याकडे येतील.
• वी शुड मूव्ह अवे : आपण इथून दूर व्हायला हवं.

प्रश्न विचारताना मोडल पुढे येतो आणि कर्ता त्याच्या मागे जातो. 'कॅन शी गो आऊट?' बाकी काहीच बदलत नाही.

मधलं क्रियापद का बदलत नाही?

मोडलनंतरच्या क्रियापदाला 'एस' लागत नाही, 'ईडी' लागत नाही, 'आयएनजी' लागत नाही आणि त्याच्या आधी 'टु'ही येत नाही. ही गोष्ट मराठीला नवी नाही. 'तो जाऊ शकतो', 'ती जाऊ शकते', 'ते जाऊ शकतात' यात 'जाऊ' कुठे बदलतो? बदलतं ते 'शकणे'. इंग्रजीत तर 'कॅन'ही बदलत नाही.

त्यामागे इतिहास आहे. कॅन, मे, शॅल, मस्ट ही जुन्या इंग्रजीतल्या एका वेगळ्या गटातली क्रियापदं. त्यांचं रूप भूतकाळी होतं, अर्थ मात्र वर्तमानकाळी. भूतकाळी रूपाला 'ही', 'शी'साठी वेगळा प्रत्यय नव्हता. म्हणून आजही 'ही कॅन्स' होत नाही.

मग 'टु' कुठून घुसतो? 'जायला हवं' मधल्या 'ला'मुळे 'मस्ट टु गो' म्हणायचा मोह होतो. 'कॅन एबल टु'चंही तसंच. 'कॅन' आणि 'एबल टु' दोन्हींचा अर्थ 'शकणे', त्यामुळे एका वाक्यात एकच पुरे. 'टु' हवाच असेल तर 'ऑट टु' आणि 'हॅव टु' आहेत. त्यातला 'हॅव टु' मात्र कर्त्याप्रमाणे बदलतो : 'शी हॅज टु गो बॅक'.

'येतो' म्हणायचं असेल तर?

आपण निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. हे इंग्रजीत जसंच्या तसं नेलं तर गोंधळ होतो. 'आय ॲम कमिंग' म्हणजे 'मी तुमच्याकडे येतोय'. निघताना 'आय मस्ट गो नाऊ' म्हणा. परत यायचं असेल तर 'आय विल कम बॅक'. फोनवर समोरच्याच्या घरी जायचं ठरत असेल, तर मात्र 'आय कॅन कम ओव्हर' बरोबर, कारण हालचाल ऐकणाऱ्याच्या दिशेने आहे.

बसमधून 'डाऊन' की 'ऑफ'?

आपल्याकडे 'मला इथे उतरायचंय' याचं 'गेट डाऊन' होतं. भारतात ते सगळ्यांना कळतं. परदेशात मात्र 'गेट डाऊन' म्हणजे 'खाली वाका' असंही वाटू शकतं. बस, ट्रेन, विमान यांसाठी 'गेट ऑन' आणि 'गेट ऑफ', तर कार, टॅक्सी, रिक्षासाठी 'गेट इन' आणि 'गेट आऊट'. सोपी खूण : ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, तिथे 'ऑन-ऑफ'. 'कॅन आय गेट ऑफ हिअर?' हे वाक्य पाठच करून ठेवा.

कुणाला घ्यायचं किंवा सोडायचं असेल, तर 'मी', 'यू', 'हिम', 'इट' हे शब्द मध्ये बसतात. 'कॅन यू पिक मी अप?', 'शुड आय ड्रॉप यू ऑफ?' 'पिक अप मी' चुकीचं. नाम असेल तर दोन्ही चालतं : 'पिक अप द पार्सल' किंवा 'पिक द पार्सल अप'.

मोडल बदलला की अर्थ किती बदलतो?

खूप. आणि इथली चूक महागात पडू शकते. 'यू मस्ट नॉट गो इन' म्हणजे आत जायला सक्त मनाई. 'यू डोन्ट हॅव टु गो इन' म्हणजे जायची गरज नाही, गेलात तरी चालेल. कारखान्यात किंवा हॉस्पिटलमध्ये या दोन वाक्यांची गल्लत परवडणारी नाही.

'मस्ट'चा आणखी एक उपयोग अंदाजासाठी होतो. 'ही मस्ट हॅव गॉन आऊट' म्हणजे तो बाहेर गेला असणार. इथेही मोडलनंतर 'हॅव' मूळ रूपातच आहे, 'ही' असूनही 'हॅज' झालेलं नाही.

काही वेळा हालचाल फक्त शब्दांत असते. मीटिंगमध्ये 'यू मे गो अहेड' म्हटलं तर उठून पुढे जायचं नसतं, बोलायला सुरुवात करायची असते. 'कुड यू गो ओव्हर द रिपोर्ट?' म्हणजे रिपोर्ट एकदा नजरेखालून घाला.

ऐकताना काय लक्षात ठेवायचं?

भरभर बोलताना 'कॅन'चा उच्चार 'कन' इतका हलका होतो आणि जोर शेवटच्या दिशादर्शक शब्दावर जातो : 'यू कन गो इन'. नकार असेल तर मात्र 'कान्ट' ठसठशीत ऐकू येतो. अमेरिकी उच्चारात तो 'कॅन्ट' होतो आणि शेवटचा 'ट' अनेकदा पुसट असतो. त्यामुळे 'ट' शोधत बसू नका, जोर कुठे आहे ते ऐका. तरीही खात्री नसेल तर सरळ विचारा : 'सो, कॅन आय गो इन?'

सराव कसा करायचा?

• दिवसभरातल्या तुमच्या स्वतःच्या तीन हालचाली निवडा : घरातून निघणं, गाडीत चढणं, परत येणं.
• प्रत्येकीचं एक वाक्य करा आणि फक्त मोडल बदलत जा : आय कॅन गो आऊट, आय शुड गो आऊट, आय माइट गो आऊट.
• मग कर्ता बदला आणि 'एस' लावायचा मोह टाळा : शी कॅन गो आऊट.
• वाक्यं मनात नको, मोठ्याने म्हणा. मुलाखतीत जीभ अडखळते, ती याच सरावाने सुटते.