परभाषेचे अध्ययन आणि मराठीचे व्याकरण

राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली प्रारंभ झाला. पुढे कनिष्ठ महाविद्यालयात काही विद्यार्थी फ्रेंच घेतात. स्पॅनिशकडे वळणारेही आढळतात. या भाषा शिकताना विद्यार्थी चुकला की तो मंदबुद्धी ठरतो. वस्तुतः पुष्कळशा चुकांच्या मुळाशी मराठीचे नियमच असतात. ‘डिस्कस अबाउट’ असे लिहिणारा मुलगा ‘एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करणे’ ही मराठी रचना इमानाने इंग्रजीत उतरवीत असतो. (कार्यालयीन पत्रांतही हा प्रयोग दुर्मीळ नाही.) इंग्रजीत ‘डिस्कस’ हे क्रियापद थेट कर्म घेते. तसेच ‘टेबलावर’ या शब्दातील ‘वर’ नामानंतर येतो, तर इंग्रजीतील ‘ऑन’ नामापूर्वी; आणि ‘द’ या उपपदाला मराठीत नेमका प्रतिशब्दच नाही. हे भेद फळ्यावर शेजारी शेजारी मांडले, तर लाल शाईचे काम बरेच कमी होईल.

उलट, काही ठिकाणी मराठी विद्यार्थ्याला इंग्रज विद्यार्थ्यापेक्षा वाट सोपी असते. ‘मला आंबा आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ या वाक्यांत क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते. स्पॅनिशमध्येही नेमके हेच घडते : ‘मे गुस्ता एल मांगो’, ‘मे गुस्तान लोस मांगोस’. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यास ही रचना प्रयासाने आत्मसात करावी लागते. तू आणि तुम्ही हा भेद फ्रेंचमध्ये ‘त्यु’ व ‘व्हू’, स्पॅनिशमध्ये ‘तू’ व ‘उस्तेद’ असा आहे. विशेषणाने नामाचे लिंग पाळावे, हेही मराठी मुलास सांगावे लागत नाही. मात्र लिंग कोणते, हे नव्याने शिकावे लागते. मराठीत सूर्य व चंद्र दोन्ही पुल्लिंगी. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये चंद्र स्त्रीलिंगी आहे.

शब्दसंग्रहाची गोष्ट निराळी. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर राज्यकारभाराचे व न्यायदानाचे असंख्य फ्रेंच शब्द इंग्रजीत आले. ‘गव्हर्नमेंट’, ‘पार्लमेंट’, ‘जज्ज’ हे त्यांतलेच. मराठीत अर्ज, फिर्याद, दप्तर हे शब्द फारसीच्या वाटेने आले, तसाच हा प्रकार. म्हणूनच इंग्रजी जाणणाऱ्यास फ्रेंच व स्पॅनिशमधील पुष्कळ शब्द ओळखीचे वाटतात. मराठीची स्वतःची ओळखही थोडी आहे. पाव, चावी, पगार हे शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची भगिनी होय. ‘पागार’ या स्पॅनिश क्रियापदाचा अर्थ पैसे देणे!

या ओळखीवर फार विसंबता येत नाही, हेही खरे. फ्रेंच ‘लिब्रेरी’ आणि स्पॅनिश ‘लिब्रेरिया’ म्हणजे ग्रंथालय नव्हे. ते पुस्तकांचे दुकान. यास्तव शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ करून घेण्यापेक्षा प्रत्येक शब्द एका लहान वाक्यात द्यावा. फ्रेंच-स्पॅनिश नामे तर उपपदासहच वहीत उतरवावीत. नुसते ‘कासा’ न लिहिता ‘ला कासा’ लिहिले, की घर स्पॅनिशमध्ये स्त्रीलिंगी आहे हे वेगळे पाठ करावे लागत नाही.