जिनिव्हातले साडेतीन तास

जिनिव्हातल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत विसाव्या क्रमांकाचं एक सभागृह आहे. तिथे जगातल्या प्रत्येक देशाने, मग तो कितीही बलाढ्य असो, साधारण साडेचार वर्षांतून एकदा बाकीच्या देशांसमोर बसावं आणि आपल्याकडच्या मानवाधिकारांबद्दल चार शब्द ऐकून घ्यावेत, अशी रीत आहे. या प्रकाराचं अधिकृत नाव ‘सार्वत्रिक नियतकालिक आढावा’. नाव जड आहे, पण काम समजायला सोपं.

पूर्वीच्या मानवाधिकार आयोगावर आक्षेप असा होता की, ठरावीक देशांनाच झोडपलं जातं आणि वजनदार सुटतात. 2006 मध्ये तो आयोग जाऊन 47 सदस्यांची मानवाधिकार परिषद आली आणि 2008 पासून हा आढावा सुरू झाला. 193 सदस्य-देशांपैकी कुणालाच सूट नाही. 2013 च्या जानेवारीत इस्रायल आलाच नाही. तेव्हा परिषदेने तारीख पुढे ढकलली आणि ऑक्टोबरात त्याचा आढावा घेतलाच.

समोर कागद तीन असतात. एक आढाव्याला बसलेल्या देशाच्या सरकारचा, दुसरा राष्ट्रसंघाच्या यंत्रणांनी जमवलेल्या माहितीचा आणि तिसरा संस्था-संघटनांनी पाठवलेल्या निवेदनांचा गोषवारा. माझ्या मते खरा जीव या तिसऱ्यात. सरकारच्या अहवालात जे येत नाही, ते परक्या देशाच्या प्रतिनिधीच्या हाती पडतं ते इथूनच.

मग सभा. साडेतीन तासांतली 70 मिनिटं त्या देशाची, 140 मिनिटं इतरांची. 2022 च्या नोव्हेंबरात भारताची पाळी होती, तेव्हा 130 देश बोलले. भागाकार केला तर एकेकाच्या वाट्याला जेमतेम मिनिट येतं, आणि मित्रदेश त्यातलंही निम्मं अभिनंदनात घालवतात! प्रत्येक आढाव्यासाठी चिठ्ठ्या टाकून तीन देश निवडतात, पण ते निवाडा करत नाहीत. आलेल्या शिफारशी अहवालात नीट मांडल्या जातील एवढं पाहतात.

या शिफारशींना त्या देशाची उत्तरं दोनच: ‘मान्य’ किंवा ‘नोंद घेतली’. ‘नामंजूर’ असा रकानाच नाही. सरकारी कचेरीत अर्ज घेऊन गेलेल्याला ‘नोंद घेतली’चा अर्थ वेगळा सांगायला नको.

पण मान्य केलेल्याचं तरी काय होतं? एक उदाहरण घ्या. छळविरोधी करारावर भारताने 1997 मध्ये सही केली, अनुसमर्थन, म्हणजे तो स्वतःवर बंधनकारक करून घेणं, मात्र केलेलं नाही. त्यासाठी लागणारं विधेयक 2010 मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि 2014 मध्ये बारगळलं. 2017 च्या आढाव्यात भारताने अनुसमर्थनाची शिफारस मान्य केली. त्याच वर्षी विधि आयोगानेही 273 व्या अहवालात कायद्याचा मसुदा जोडून तेच सुचवलं. पण ते न केल्याबद्दल जिनिव्हातून ना दंड होतो, ना वॉरंट निघतं. फक्त पुढच्या खेपेला कुणीतरी आपल्या एका मिनिटात विचारतं, मागच्या वेळी ‘मान्य’ म्हणाला होतात, त्याचं काय झालं?